डायग्राम आहे का? जुन्या यंत्रांची मॅन्युअल कुठे शोधायची, कशी टिकवायची

ठाण्यात जुना ॲम्प्लिफायर किंवा टेपरेकॉर्डर घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलात, की हल्ली पहिला प्रश्न येतो, "डायग्राम आहे का?" जुन्या मेकॅनिकला तो विचारावा लागत नसे. त्याच कंपनीचे ढिगानं सेट त्याच्या हाताखालून गेलेले असत आणि कुठला कंडेन्सर आधी जातो हे त्याला पाठ असे. ती माणसं आता कमी झाली, आणि नव्या पोरांचा हात मोबाइलवर बसलेला. त्यामुळे सेट सुरू होणार की भंगारवाल्याकडे जाणार, हे पुष्कळदा एका कागदावर ठरतं.

'मॅन्युअल' या एकाच नावाखाली तीन-चार वेगळे कागद येतात, आणि शोधताना निम्मा घोळ त्यातूनच होतो. खोक्यातून येतं ते युजर मॅन्युअल. कुठलं बटण कशाचं, एवढंच त्यात असतं. दुरुस्तीला त्याचा काडीचा उपयोग नाही. कामाचं असतं सर्व्हिस मॅन्युअल. कंपनी ते बहुतेक वेळा फक्त आपल्या सर्व्हिस सेंटरला देत असे. त्यात सर्किट डायग्राम, पीसीबीवर, म्हणजे पार्ट बसवलेल्या बोर्डावर, कुठला पार्ट कुठे आहे त्याचा नकाशा, पार्ट लिस्ट आणि ॲडजस्टमेंट कशा करायच्या ते असतं. कुठल्या टोकावर किती व्होल्ट आले पाहिजेत, हेही छापलेलं असतं आणि खरी किंमत त्या आकड्यांची आहे. तिसरी डेटाशीट. ती यंत्राची नसून आतल्या एकेका आयसीची (चिपची) असते आणि ती आयसी बनवणारी कंपनी काढते. जुन्या रेडिओ-टीव्हीच्या बाबतीत इंटरनेटवर जाण्याआधी मागचं झाकण काढून त्याच्या आतल्या बाजूला बघा. पुष्कळ कंपन्या डायग्राम तिथेच चिकटवून द्यायच्या.

शोध सुरू करायचा तो यंत्राच्या पाठीवरच्या पट्टीपासून. समोर ठळक अक्षरांत लिहिलेलं नाव जाहिरातीसाठी असतं, मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर कामाचा. तो शेवटच्या अक्षरासकट उतरवून घ्या, कारण त्या एका अक्षराच्या फरकानं आतलं सगळं सर्किट बदललेलं असू शकतं. शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांची गल्लत होते, मधली आडवी रेघ कोणी देतं, कोणी देत नाही. दोन्ही प्रकारे शोधून पाहा. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत तर मॉडेलपेक्षा चेसिस नंबर, म्हणजे आतल्या सर्किटच्या सांगाड्याचा नंबर, महत्त्वाचा. एकच चेसिस वेगवेगळ्या कॅबिनेटमध्ये बसवून कंपन्या निरनिराळी मॉडेलं विकत, आणि सर्व्हिस मॅन्युअल निघायचं ते चेसिसचं. गूगलमध्ये नंबर अवतरणचिन्हांत टाका, पुढे इंग्रजीत 'सर्व्हिस मॅन्युअल' किंवा 'स्कीमॅटिक' लिहा आणि शेवटी 'फाइलटाइप:पीडीएफ' जोडा, तेही इंग्रजीत आणि मध्ये जागा न सोडता. मग दुकानांच्या जाहिराती गळून जातात आणि थेट फायली वर येतात.

भारतीय सेटच्या बाबतीत आणखी एक वाट आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्या बऱ्याच ब्रँडच्या मागे परदेशी तंत्रज्ञान होतं. बीपीएलमागे सान्यो, ओनिडामागे जेव्हीसी, व्हिडिओकॉनमागे तोशिबा, आणि पुण्याच्या कल्याणी शार्पच्या तर नावातच शार्प. भारतीय मॉडेलचा कागद मिळाला नाही, तर मुख्य आयसीचे नंबर टिपून त्याच आयसींवर चालणारं जपानी चेसिस शोधा. तंतोतंत जुळेल अशी खात्री नाही, पण सर्किटचा सांगाडा ओळखीचा निघतो. कंपन्यांची नावंही बदलत असतात. फिलिप्स इंडियाचं नाव मध्ये काही वर्षं पीको इलेक्ट्रॉनिक्स अँड इलेक्ट्रिकल्स होतं. त्या काळातल्या कागदांवर 'पीको' छापलेलं सापडतं, आणि फक्त 'फिलिप्स' टाकून शोधणाऱ्याच्या हातून ते निसटतं.

आता साइट. सगळीकडे सगळं मिळत नाही, प्रत्येकीचा प्रांत ठरलेला आहे. स्टिरिओ, डेक, ॲम्प्लिफायर असेल तर हायफाय इंजिन. रेकॉर्ड प्लेअर असेल तर तिचीच बहीण व्हायनिल इंजिन. दोन्हीकडे आधी नाव नोंदवावं लागतं. टीव्ही, व्हीसीआर, मॉनिटर यांच्यासाठी हंगेरीतली इलेक्ट्रोतान्या. व्हॉल्व्हच्या काळातल्या रेडिओंसाठी स्वित्झर्लंडहून चालणारं रेडिओम्युझियम. तिथे भारतात बनलेल्या रेडिओंच्याही नोंदी आहेत. जुन्या संगणकांचं घबाड बिटसेव्हर्सवर आहे. टेक्ट्रॉनिक्सच्या ऑसिलोस्कोपसाठी (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रासाठी) टेकविकी बघायचं, आणि ह्यूलेट-पॅकार्डसह इतर मोजमापाच्या उपकरणांसाठी केओ४बीबी. या सगळ्यांवर छत्री धरणारं म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह, ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेलं. मॅन्युअलचा स्वतंत्र विभाग तर तिथे आहेच, शिवाय वेबॅक मशीनही आहे. बंद पडलेल्या कंपनीचा जुना वेबपत्ता त्यात टाकला, की तिची साइट वर्षावर्षानं कशी दिसत होती ते उघडतं, आणि 'सपोर्ट'च्या पानावरची पीडीएफही कधीकधी शाबूत मिळते. ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, ते नव्या वस्तूंना ठीक आहे. आजोबांच्या रेडिओसाठी तिकडे जाण्यात अर्थ नाही.

'मोफत मॅन्युअल डाउनलोड' म्हणत कार्डाचा नंबर मागणारी किंवा पीडीएफऐवजी 'ईएक्सई' फाइल हातात ठेवणारी साइट दिसली, तर तिथून काढता पाय घ्या. त्या फाइलमध्ये मॅन्युअल सोडून बाकी सगळं असतं.

यंत्राचं मॅन्युअल मिळालंच नाही तर नुसत्या डेटाशीटवर किती मजल मारता येते, ते एका उदाहरणावर पाहू. ठाण्या-नवी मुंबईतल्या कॉलेजांच्या लॅब नव्या झाल्या, की ० ते ३० व्होल्टचे जुने रेग्युलेटेड पॉवर सप्लाय भंगारात येतात. यंत्र दणकट, पण आउटपुट शून्य. झाकण काढलं की त्या काळच्या सप्लायमध्ये बहुधा दोन ओळखीचे चेहरे दिसतात. चौदा पायांची ७२३ आयसी, आणि मागच्या हीटसिंकवर २एन३०५५ हा धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर. ७२३ ही फेअरचाइल्ड कंपनीत बॉब विडलर यांनी साठच्या दशकात आखलेली आयसी, आणि तिची डेटाशीट कुठेही मिळते. त्यात लिहिलंय, की ६ नंबरच्या पायावर आयसी स्वतः एक पक्का व्होल्टेज तयार करते, साधारण ७.१५ व्होल्ट, ६.९५ ते ७.३५ च्या मध्ये काहीही चालेल. सगळं रेग्युलेशन या आकड्याशी तुलना करूनच होतं. म्हणून मीटर पहिल्यांदा तिथे लावायचा. मीटरची काळी तार मात्र आउटपुटच्या मायनसला न लावता आयसीच्या ७ नंबरला लावायची, कारण शून्यापासून सुरू होणाऱ्या सप्लायमध्ये या दोन जागा एकच असतील असं नाही. ७.१५ च्या आसपास आलं, तर आयसीचं काळीज ठीक आहे, मग २एन३०५५ आणि त्याला चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर तपासा. काहीच आलं नाही, तर १२ नंबरला पुरवठा येतोय का ते बघा. पुरवठा येतोय आणि तरी ६ नंबर मुका, तर आयसी बदलायची. ती स्वस्त आहे. हे सगळं करताना एका हातानं काम करा. २एन३०५५ ची धातूची टोपी म्हणजेच त्याचा कलेक्टर, त्यामुळे तिच्यावर व्होल्टेज असतो. शिवाय मोठा फिल्टर कंडेन्सर स्विच बंद केल्यावरही भरलेला राहतो. आणि हे धाडस पॉवर सप्लायपुरतंच ठेवा. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत आतला व्होल्टेज हजारांत जातो, तिथे हात घालणं माहीतगाराचं काम.

डेटाशीटची मदत इथे संपते. बोर्डावरच्या चार प्रीसेटपैकी (स्क्रूड्रायव्हरनं फिरवून लावायच्या पार्टपैकी) करंट लिमिटचा कुठला, तो किती अँपिअरवर लावायचा, ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलणारा रिले कितव्या व्होल्टला पडला पाहिजे, हे आयसीच्या कंपनीला कुठून माहीत असणार? ते सप्लाय बनवणाऱ्यानंच लिहून ठेवलेलं असतं.

आणि गाडी नेमकी तिथेच अडते. पन्नास वर्षांपूर्वीच्या अमेरिकन ऑसिलोस्कोपचं मॅन्युअल शेवटच्या स्क्रूपर्यंत पाच मिनिटांत मिळतं, पण स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर बनलेल्या यंत्राचं मिळताना मारामार. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत; महामंडळ आणि वसाहत दोन्हींचा जन्म १९६२ चा. त्याच साली प्रभाकर देवधरांनी सुरू केलेली ॲपलॅब ही इलेक्ट्रॉनिक्स कंपनी वागळे इस्टेटमध्येच वाढली. देवधर पुढे केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स कमिशनचे अध्यक्ष झाले. मर्फी रेडिओचा कारखानाही ठाण्यातलाच. ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही अंगांना कळव्यापासून तुर्भ्यापर्यंत किती यंत्रं बनली असतील त्याला सुमार नाही. त्यांच्याबरोबर निघालेल्या कागदांपैकी इंटरनेटवर आलेलं फार थोडं आहे.

तिकडचं मिळतं याला कारण आहे. यंत्राबरोबर सर्किटसकट जाडजूड मॅन्युअल देण्याची टेक्ट्रॉनिक्स आणि ह्यूलेट-पॅकार्डची पद्धत होती, आणि ती पुस्तकं जपणारे, निवृत्तीनंतर स्कॅन करत बसणारे हौशी लोक तिकडे भरपूर. अमेरिकेत मेरीलँड राज्यात मॅन्युअल्स प्लस नावाचं फक्त जुनी मॅन्युअल विकणारं दुकान होतं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ते बंद होऊन माल फेकला जाणार असं कळल्यावर आर्काइव्हचे जेसन स्कॉट तिथे धावले, स्वयंसेवक गोळा केले आणि २५ हजारांहून जास्त मॅन्युअल खोक्यांत भरून वाचवली. आपल्याकडे मॅन्युअलचं प्राक्तन वेगळं. ते यंत्रासोबत कॉलेजच्या लॅबमध्ये येतं आणि कुलपाच्या कपाटात जातं. यंत्राला डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नंबर मिळतो, मॅन्युअलला बहुधा मिळत नाही. यंत्र राइट-ऑफ झालं की ते भंगारात आणि पुस्तक रद्दीत, दोघांची ताटातूट. घराघरांतही तेच चाललंय. नौपाडा-पाचपाखाडीतल्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला जातायत, आणि भाड्याच्या घरात जाण्याआधी माळा रिकामा होतो. वागळे इस्टेटमध्ये नोकरी केलेल्या काकांनी जपलेली ड्रॉइंगची गुंडाळी त्यात जाते, कारण घरातल्या कोणालाच तो कागद कसला ते ठाऊक नसतं.

असा कागद हाती लागलाच, तर आधी त्याची जात ओळखा. निळसर किंवा जांभळट रेघांची ड्रॉइंग म्हणजे अमोनिया प्रिंट. ती उजेडानं विटतात, तेव्हा पहिला नंबर त्यांचा. फॅक्सच्या गुळगुळीत कागदाचीही तीच गत, तो उष्णतेनं काळवंडतो किंवा कोरा होतो. सायक्लोस्टाइलची पानं त्या मानानं दमदार. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हलक्या हातानं काढा. सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत बुरशी धरते, कसर लागते. म्हणून गुंडाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडण्यापेक्षा खाकी पाकिटात, भिंतीपासून लांबच्या कपाटात ठेवा.

स्कॅनिंगचं म्हणाल तर नुसत्या मजकुराच्या पानांना मोबाइलचं स्कॅनर ॲप चालून जातं, डायग्रामला चालत नाही. मजकूर ३०० डीपीआय (इंचाला तितके ठिपके), डायग्राम ६०० डीपीआय, दोन्ही ग्रेस्केलमध्ये. मॅन्युअलच्या शेवटी घडी उलगडून बघायची लांब पानं असतात आणि नेमकं मुख्य सर्किट तिथेच असतं. इंटरनेटवरच्या कित्येक स्कॅनमध्ये ती पानं घडी घातलेल्या अवस्थेतच स्कॅन केलेली दिसतात. बाकी दोनशे पानं नीट, आणि जे हवं तेच नाही! घरच्या ए४ स्कॅनरवर असं पान थोडं थोडं सरकवत, कडा एकमेकांवर येतील असे तुकडे घ्या आणि मग जोडा. नाहीतर प्लॅनच्या मोठ्या झेरॉक्स काढणारं दुकान गाठा. तिथे रुंद स्कॅनर असतो. ठाण्यात बिल्डर आणि आर्किटेक्टांना तोटा नाही, तेव्हा अशी दुकानंही आहेत.

फाइल लहान करण्याच्या नादात एक धोका आहे, तो नीट समजून घ्या. २०१३ साली डेव्हिड क्रीझल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की झेरॉक्स कंपनीच्या काही मशीन स्कॅन करताना आकडेच बदलतायत. एका घराच्या प्लॅनवर तीन खोल्यांची क्षेत्रफळं होती १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या १४.१३ च्या झाल्या. पान धूसर असतं तर कोणालाही शंका आली असती, पण आकडे स्वच्छ, ठसठशीत आणि चुकीचे. दोष होता जेबीआयजी२ नावाच्या कॉम्प्रेशनच्या वापरात. जागा वाचवण्यासाठी ही पद्धत सारखे दिसणारे ठिपक्यांचे पुंजके एकदाच साठवते आणि सगळीकडे तोच साचा वापरते. अक्षर बारीक असलं की ६ आणि ८ तिला एकसारखेच वाटू शकतात. सर्किट डायग्राममध्ये ६.८ किलोओहमचा ८.८ झाला, तर दुरुस्ती करणारा दिवसभर डोकं आपटत बसेल. म्हणून मूळ स्कॅन टिफ किंवा पीएनजीमध्ये जपून ठेवा, आणि पीडीएफ बनवताना 'लॉसी', म्हणजे तपशील गाळून फाइल लहान करणाऱ्या, कॉम्प्रेशनच्या वाटेला जाऊ नका. दोनशे पानांची फाइल शंभर एमबीची झाली तर होऊ दे.

पानावर कोणी पेन्सिलीनं 'आर १४ बदलून ४७०' असं लिहिलं असेल, तर ते साफ करू नका. कंपनीच्या कुठल्याशा इंजिनिअरला प्रत्यक्ष यंत्रावर जे कळलं, ते कदाचित फक्त तिथेच लिहिलेलं आहे.

आवृत्तीचा मुद्दाही यातच येतो. एकाच मॉडेलचं सर्किट कंपनी वर्षानुवर्षं बदलत राहते. ह्यूलेट-पॅकार्डनं हे फार शिस्तीत केलं. त्यांच्या जुन्या यंत्रांच्या सीरियल नंबरची सुरुवात '२३४५ए' अशी असेल, तर पहिल्या दोन आकड्यांत १९६० मिळवायचे, म्हणजे १९८३ साल. पुढचे ४५ म्हणजे पंचेचाळिसावा आठवडा. आणि 'ए' म्हणजे अमेरिका. हे पुस्तक कुठल्या सीरियल नंबरांना लागू, ते मॅन्युअलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असे, आणि आधीच्या यंत्रांसाठी मागे 'बॅकडेटिंग'चं वेगळं प्रकरण. डाउनलोड केलेलं मॅन्युअल आपल्या यंत्राशी जुळत नसेल, तर शिव्या घालण्याआधी हे पान वाचा.

चढवायचं कुठे? सामान्य माणसाला इंटरनेट आर्काइव्ह सगळ्यांत सोपं. खातं फुकट आहे, आणि छापील इंग्रजी मजकूर शोधता येईल अशा रूपात ती साइट स्वतःच करून देते. फाइलच्या नावात कंपनी, मॉडेल, कागदाचा प्रकार आणि वर्ष असू द्या; 'स्कॅन००१' नावाची फाइल असून नसल्यासारखीच. वर्णनात कंपनीचं गाव आणि जुनी-नवी सगळी नावं टाका, यंत्राच्या पट्टीचा फोटोही जोडा. पण तेवढ्यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि साइट कित्येक दिवस बंद होती. एक प्रत आपल्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या कुणाच्या घरी, असं असू द्या. नुसती गूगल ड्राइव्हची लिंक वाटणं हा टिकवण्याचा मार्ग नव्हे. खातं दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल ते पुसून टाकू शकतं.

कॉपीराइटबद्दल थोडक्यात. १९५७ च्या आपल्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापर आणि संशोधन यांना सवलत आहे, त्यामुळे आपल्या यंत्रासाठी स्कॅन करून जवळ ठेवायला हरकत दिसत नाही. लेखकाचं नाव न देता प्रसिद्ध झालेल्या लिखाणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो; म्हणजे १९६० च्या आसपासची तशी पुस्तकं मोकळी झाली. त्यानंतरचं जगासमोर मांडणं कायद्याच्या काटेकोर भाषेत कंपनीच्या परवानगीचं काम आहे. कंपनी चालू असेल तर एक ईमेल टाकून विचारा. तीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या मॉडेलमध्ये कंपनीचा धंदा उरलेला नसतो, आणि निदान आमच्याकडची प्रत घ्या असं म्हणणारा कोणीतरी जुना माणूस तिथे भेटू शकतो. दुसऱ्यांनी फुकट चढवलेल्या फायली पेन ड्राइव्हवर भरून विकणं मात्र सरळ सरळ गैर आहे.

पूर्ण पुस्तक स्कॅन करायला सवड नसेल तर निदान तीन गोष्टी करा, आणि याच क्रमानं. आधी सर्किट डायग्राम, मग पार्ट लिस्ट, मग कव्हर. कव्हर अशासाठी, की आवृत्ती आणि वर्ष बहुधा तिथेच छापलेलं असतं, आणि त्यावाचून तो डायग्राम नेमका कुठल्या यंत्राचा, हे पुढच्या माणसाला ठरवता येत नाही.